ढिगाची ऊब

“थांब! झाकणासकट कप कुठं टाकतेस?”

हातात चहाचा कप घेतलेली विद्यार्थिनी जागच्या जागी थबकली. विद्यापीठाच्या कँटीनच्या दारात तीन डबे होते. खरकट्यासाठी हिरवा, पुन्हा वापरात येणाऱ्या वस्तूंसाठी निळा आणि उरल्यासुरल्यासाठी काळा. त्यांच्यामागे कंबरेवर हात ठेवून हिरवी मावशी उभी होती. खतासाठी हिरवा डबा तीच ओढून न्यायची, म्हणून पोरांनी तिला हे नाव दिलं होतं आणि तिला ते आवडायचं.

“कप कागदाचाच आहे की, मावशी. हिरव्यात चालेल ना?”

“कागदाचा दिसतो. आतून बोट फिरव. गुळगुळीत लागतंय? ते प्लॅस्टिकचं अस्तर. कप काळ्यात, झाकण निळ्यात. आणि तळाशी उरलाय तो चहा पिऊन टाक.”

मुलीने तो गार चहा खरोखरच पिऊन टाकला. मागच्या रांगेत हशा पिकला आणि दोघातिघांनी आपापले कपही घाईघाईने रिकामे केले. मावशीचा धाक सध्या असा होता. एरवी ती अशी नव्हती. एरवी एखाद्याने चुकीच्या डब्यात काही टाकलं, तर ती दोन शब्द सुनावून स्वतःच उचलून योग्य जागी टाकायची. पण गेले काही दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण तिचा ढीग गार पडला होता.

हा ढीग म्हणजे विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, जुन्या सायकल-स्टँडच्या जागेवर रचलेला खताचा ढीग. मावशीने उभं आयुष्य झाडू मारण्यात घालवलं. सकाळी झाडलेला जिना दुपारी पुन्हा होता तसा, त्यात दाखवण्यासारखं काय असणार? खताचं तसं नव्हतं. आज टाकलेलं देठ काही महिन्यांनी काळ्याभोर मातीसारखं होऊन वाचनालयासमोरच्या वाफ्यात जायचं आणि तिथे फुलं यायची. मावशी जाता-येता त्या फुलांकडे आजी नातवंडांकडे बघते तशी बघायची.

पण ढीग तापला तरच खत होतं. हा तापायचं नाव घेत नव्हता. नुसता ओलाकच्च राहून वास मारत होता. शेवटी देखभालीचे साहेब आले. माणूस सज्जन, पण नाकाला रुमाल लावूनच बोलले.

“मावशी, सोमवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर ही जागा गाड्या लावायला देऊन टाकू. तुम्हाला परत झाडलोटीवर घेऊ, काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणे! जखमेवर मीठ चोळतात ते वेगळं काय असतं?

मावशीने सगळा दोष पोरांच्या माथी मारला. नक्कीच कुणीतरी हिरव्या डब्यात भलतंसलतं टाकत असणार. म्हणून दुपारभर डब्यांपाशी पहारा. पोरंही शहाणी झाली. कागदी पेल्यात बोटं फिरवून बघायला लागली, एकमेकांना ओरडायला लागली. हिरव्या डब्यात औषधालाही प्लॅस्टिक सापडेना. तरी ढीग गारच.

घरी नणंद समजूत घालायची. नणंद म्हणजे कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. तिचा भाऊ, म्हणजे मावशीचा नवरा, गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या. नणंद-भावजयीचं जमतं म्हटलं की लोकांना खरं वाटत नाही. या दोघी भांडायच्या रोज, पण एकीला यायला उशीर झाला तर दुसरी जेवायची नाही.

“मेली पोरंच काहीतरी करत असणार,” नणंद म्हणायची. “तू नको जिवाला लावून घेऊस, वहिनी.”

गुरुवारी मावशी ढीग उपसत होती. फ्लॉवरचं एक देठ हातात आलं. चकचकीत. तिने ते नाकाशी नेलं, तर लिंबाच्या साबणाचा वास! कँटीनमध्ये भांडी घासतात तोच. मावशी तशीच देठ हातात धरून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेली.

आत नणंद बाह्या सारून बसली होती. पुढ्यात मोठं घमेलं, त्यात फेसच फेस आणि फेसात बटाट्याची सालं.

“वन्सं, हे काय चाललंय?”

“काय म्हणजे? सालं धुतेय.”

“सालं?”

“मग! साबणाच्या पाण्यातून काढते, मग त्या जंतू मारायच्या औषधातून. गेल्या महिन्यात तुझं बोट पिकलं, रात्रभर कण्हत होतीस. हातमोजे घाल म्हटलं तर ऐकत नाहीस. तेव्हापासून सगळं धुऊनच पाठवते. आपल्याच माणसाकडे घाण कशी पाठवायची?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी दाराच्या चौकटीला टेकली.

“अहो वन्सं, त्या घाणीतच तर सगळा जीव असतो! डोळ्यांना न दिसणारे जीव. तेच ढीग तापवतात. तुम्ही त्यांना रोज आंघोळ घालून मारताय.”

नणंदेचा हात घमेल्यातच राहिला.

“म्हणजे तुझं काम माझ्यामुळे जाणार?” तिचा चेहरा एवढासा झाला. “आणि मी पोरांना शिव्या देत बसले! दादा असता तर म्हणाला असता, हिला कुणाचं भलं करू देऊ नका.”

मावशीला रागवायचं होतं. चांगलं कडकडून रागवायचं होतं. पण तिच्या हाताखाली येणारी घाण आधी कुणीतरी धुऊन ठेवावी, असं आजवर घडलं नव्हतं. तिला एकदम हसू आलं, हसता हसता डोळे भरून आले, आणि ते बघून नणंदही रडता रडता हसायला लागली.

“उठा आता,” मावशी म्हणाली. “आणि ते हातमोजे कुठेयत तेवढं सांगा.”

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून ढीग मोडला. साबणाने बुळबुळीत झालेलं सगळं बाजूला काढलं. झाडांखालचा कोरडा पाला आणला, पुठ्ठे फाडून त्यात मिसळले, आणि तयार खताच्या टोपल्या विरजणासारख्या मधे मधे घातल्या. वर त्या दिवसाचं, अजून न धुतलेलं ताजं खरकटं. कोपरापर्यंत हातमोजे चढवून नणंद “ई गं बाई” म्हणत प्रत्येक मूठ टाकत होती, पण थांबत नव्हती. शनिवारी मावशीने हात घालून बघितला. कोमट. ती कुणाला बोलली नाही, दृष्ट लागायला नको.

सोमवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. साहेब रुमाल काढायला खिशात हात घालतच आले आणि थांबले. ढिगातून वाफ निघत होती. त्यांनी मावशीने दाखवलं तिथे हात घातला आणि चटकन मागे घेतला.

“अहो, हा तर चांगलाच तापलाय!”

“तापणारच,” मावशी म्हणाली. “आता तुमच्या गाड्या दुसरीकडे लावा.”

साहेब मोठ्याने हसले. रुमाल खिशातच ठेवून ते गेले. वास राहिलाच नव्हता.

ते दिसेनासे होताहेत तोच पायवाटेवरून नणंद आली, बादली सांभाळत. बादलीवर घडी मोडलेला स्वच्छ पांढरा नॅपकिन पसरला होता.

“धुतलं नाही हं, शपथ. नुसतं झाकून आणलंय.”

मावशीने बादली घेतली, तशी नणंदेची बोटं तिला लागली. पहाटेपासून गार पाण्यात भाज्या धुऊन लालभडक, ताठरलेली. इतकी वर्षं ही बोटं पानात वाढताना दिसत होती, तिने कधी धरून बघितली नव्हती.

तिने बादली खाली ठेवली. ढिगाच्या कडेला, जिथे चटका नव्हता, नुसती ऊब होती, तिथला पाला बाजूला सारला आणि नणंदेचे दोन्ही हात आत घातले.

“ई गं बाई,” नणंद म्हणाली. हात मात्र तिने काढले नाहीत.

स्वयंपाकघरातून कुणीतरी तिला हाका मारत होतं.

“येते म्हणावं,” ती म्हणाली. “जरा थांबा.”