दादाने मापलेले मासे

धाकटीला विद्यापीठात पर्यावरण अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला, तेव्हा दादाने विचारलं, "तिथे शिकवतात तरी काय?"

"तळ्यातले मासे किती काढावेत, म्हणजे पुढेही पुरतील. तसलं."

"मग मला विचार की. त्याला विद्यापीठ कशाला?" दादा हसला. वडील गेल्यावर शाळा सोडून त्याने गावच्या तळ्यावर होडी हातात घेतली होती, आणि हिचं शिक्षण मात्र थांबू दिलं नव्हतं.

प्रबंधासाठी तिला माशांची मापं हवी होती. बाकीचे मच्छीमार दाद देईनात. दादाने होडीतच एक पट्टी ठोकून घेतली. दोन वर्षं तो जाळं ओढलं की एकेक मासा पट्टीवर धरायचा आणि ओल्या हाताने वहीत आकडा लिहायचा. वहिनी काठावर वैतागायची, "गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हे शिंप्यासारखी मापं घेतायत."

वह्यांतले आकडे संगणकात भरताना धाकटीने ते दोनदा पडताळून पाहिले. मासे दर हंगामाला लहान होत चालले होते. शेवटी शेवटी तर जाळ्यात निव्वळ पिल्लंच होती. तिच्या प्राध्यापक बाईंनी प्रबंध मत्स्यखात्यापुढे ठेवला, आणि तळ्यावर पाच वर्षं मासेमारी बंद झाली.

ती धावत घरी गेली. दादा जाळं गुंडाळत होता.

"दोन बोटं वाढवून लिहायचं होतंस, दादा."

"लिहिलं होतं. चार पानं. मग फाडून टाकली." त्याने मान वर केली नाही. "त्यावर तू परीक्षेला उभी राहणार होतीस ना?"

ती रडायला लागली, तर म्हणाला, "रडतेस काय? आकडे बरोबर आहेत. मला काय दिसत नव्हतं?"

होडी विकून तो लांबच्या शहरात बर्फाच्या कारखान्यात लागला. पाण्यावर वाढलेला माणूस, पण त्या बंद गारठ्यात त्याची छाती भरली ती भरलीच. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला. धाकटी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पाच वर्षांनी तळं खुलं झालं. ती आता मत्स्यखात्यातच होती. पहिल्याच सकाळी हातभर लांबीचे मासे निघाले. जे मच्छीमार तेव्हा तिच्याशी बोलत नव्हते, तेच तिला मासे दाखवायला बोलावत होते. तिने सगळ्यांची मापं नीट लिहून घेतली आणि दुपारी वहिनीकडे गेली.

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "किती मोठे झालेत?" तिने विचारलं.

धाकटीने हात लांब करून दाखवले. वहिनीने बघितलं आणि हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली.

धाकटी दारातच उभी राहिली. सगळ्या घड्या घालून झाल्यावर वहिनी म्हणाली, "बस ना." तेव्हा ती बसली.