पाणंदीच्या तोंडावरची वादग्रस्त पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, आणि मला माझ्या अंगावरच्या अक्षरांची शिसारी येते. हातकणंगल्याच्या अलीकडं एका पाणंदीच्या तोंडाशी मला रोवलं होतं. पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट.

पूर्वी मी गावातल्या दूध डेअरीवर होते. 'म्हशीचे ताजे दूध मिळेल' असं माझ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते खरंच मिळायचं! बायका जाता जाता माझ्यावरची धूळ पदरानं पुसायच्या. पुढं डेअरी नव्या जागेत गेली आणि मी भंगारात पडले. तिथून मला या पाणंदीलगत ऊस असलेल्या धैर्यशीलनं उचललं. वाटलं, चला, नशीब उघडलं. कसलं काय!

धैर्यशीलला ही पाणंद आपल्या उसात ओढायची होती. पण वाट त्याच्या आजोबाच्याही आधीची. मग त्यानं कुठून तरी ऐकलं, की एखाद्या गोष्टीला वादग्रस्त म्हटलं की लोक आपोआप लांब राहतात. झालं! पेंटर बाळासोकडून माझ्यावर लाल रंगात लिहून घेतलं, 'ही वाट वादग्रस्त आहे. वाहने नेऊ नयेत.' आणि स्वतःचा ट्रॅक्टर मात्र रोज माझ्या नाकासमोरून न्यायचा. थू!

अहो, ज्या गोष्टीवर दोघांची दोन मतं असतात, दोघं आपापलं म्हणणं मांडतात, ती वादग्रस्त. इथं कोण कुणाशी भांडलं होतं? पाणंदीच्या टोकाला बौद्ध वस्तीतल्या आक्काताईंचं रान. त्या बिचाऱ्या बोलल्याच नव्हत्या. आणि गावातली शहाणी माणसं मला वाचायची, “वादग्रस्त हाय बाबा, आपल्याला काय करायचंय?” म्हणायची आणि सटकायची. एका शब्दाआड अख्खं गाव तोंड लपवून बसलं होतं.

मार्चच्या उन्हात आक्काताईंच्या उसाला तोड आली. दुपारपर्यंत सगळा फड तुटला, मोळ्या रानात पडल्या. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. ऊस कारखान्यावर न्यायला पिराजी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला आणि माझ्यापाशी थांबला.

“आक्का, माझं काय न्हाय. पर पाटी हाय की! वादात मी कशाला पडू?”

धैर्यशील बांधावरच उभा होता. “निकाल लागू दे, मग न्या,” तो म्हणाला. निकाल कसला? तक्रार तरी कुणी केली होती? निर्लज्ज कुठला!

जनावरांसाठी उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, न्यायला गावातल्या बायका आल्या होत्या. त्यांत धैर्यशीलची चुलती बाळाबाई होती. डोक्यावरचा भारा खाली टाकून तिनं विचारलं, “आरं, पर वाद कुणाकुणाचा हाय?”

मग ती आक्काताईंकडं वळली.

“आक्का, तू भांडलीयास व्हय याच्यासंगं?”

“न्हाय ओ काकी. मी तर चकार शबूद काढला न्हाय.”

आपलंच बोलणं आक्काताईंना लागलं असावं. कारण दुसऱ्या क्षणाला त्या तरातरा चालत धैर्यशीलसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“धैर्यशीलराव, आजपातूर वाद न्हवता. आता हाय. ही वाट माझ्या सासऱ्याच्या आदीपास्नं गाडीची हाय, आन् मी हितनं ऊस न्हेणार. तुमचं काय म्हणणं हाय ते बोला. हितंच, सगळ्यांम्होरं!”

धैर्यशीलनं नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं. त्याच्याकडं म्हणणं नव्हतंच, फक्त मी होते.

“चल रं पिराजी,” बाळाबाई म्हणाली. पिराजीनं गिअर टाकला.

मित्रांनो, अमकं वादग्रस्त आहे असं कुणी सांगितलं, की मान डोलवून सटकू नका. दुसरी बाजू कुणाची आणि ती काय म्हणते, एवढं तरी विचारा. आणि एक विनंती. भरलेली ट्रॉली परत जाताना माझ्या खांबाला धडकली, तेव्हापासून मी गटारात तोंड खाली करून पडलेय. दया येऊन मला उभी करू नका.