जिव्हाळ्याचा देश

भाऊसाहेबांचे एक घर इथे होते आणि दुसरे परदेशात, तळ्याकाठी. तिकडे पूल बांधण्याच्या नोकरीत असताना घेतलेले ते घर निवृत्तीनंतरही त्यांना सोडवेना. अर्धे वर्ष ते तिकडे एकटेच राहत. बायको आपला शिवणाचा क्लास सोडून हलत नसे. आता दोन्ही देशांची करखाती त्यांना आपापला रहिवासी म्हणू लागली होती. तिकडे कर कमी, तेव्हा आपण तिकडचेच ठरावे, एवढ्या माफक इच्छेने ते करसल्लागार बाईंकडे आले. चूक एकच झाली. येताना बायकोला बरोबर आणले.

"घर दोन्हीकडे, मुक्कामही सारखाच," बाई म्हणाल्या. "अशा वेळी कायदा विचारतो, काका, की तुमचा जिव्हाळा कुठे आहे?"

भाऊसाहेबांनी बायकोकडे चोरून पाहिले.

"कर वाचवायचा तर..." भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला.

"तिकडे आहे असं दाखवावं लागेल."

"दाखवा की," काकू पदर सावरत म्हणाल्या. "मलाही कळू दे. कोण आहे तिकडे?"

"अगं, कोण असणार! होडी आहे, वाचनालय आहे. डॉक्टर आहेत."

"बाई की बुवा?"

"दातांचे डॉक्टर आहेत!"

"घ्या हो लिहून. जिव्हाळा म्हणजे एक होडी आणि एक दाढ."

बाईंनी हसू कसेबसे आवरले. "आणि इकडे काय आहे, काका?"

काकूंनी मोबाइल पुढे केला. "हे त्यांचे तिकडून आलेले मेसेज. वाचा."

"'कात्री कुठे आहे?'" बाई वाचू लागल्या. "'डाळीत मीठ किती? निळा सदरा सापडत नाही.'"

"एकदाच जाऊन घर लावून दिलं होतं. अजून इथे बसून कात्री शोधून देते!"

भाऊसाहेब मान खाली घालून ऐकत होते. तो मेसेज पाठवताना कात्री त्यांच्या हातातच होती. तळ्यावर अंधार उतरू लागला की ते घर अकारण मोठे होत जाई, आणि विचारण्याजोगे दुसरे काही सुचत नसे.

"इकडचाच लिहा," ते म्हणाले.

बाईंनी वाढीव कराचा आकडा सांगितला. भाऊसाहेबांनी तो कागदावर लिहून पाहिला. "तरीही."

जिना उतरताना काकू म्हणाल्या, "महाग पडले हो मी तुम्हाला."

"फार."

"क्लासला सुट्टी देते. पुढच्या खेपेला मीही येते तिकडे राहायला."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि तसेच पायरीवर थबकले.

"अगं, म्हणजे मग जिव्हाळाही तिकडेच येणार!" असे म्हणून बायकोला ओढत ते आल्या पावली जिना चढू लागले.