डोकं दुखतंय म्हणा

मास्तरांनी काचेवर टकटक केली. आत वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेने मास्क हनुवटीपर्यंत ओढला होता आणि ती तोंड उघडून श्वास घेत होती. समोर पिंप उघडं, पिशवीचं तोंड मोकळं, आणि हिचंही तोंड मोकळं. मास्तरांचं पित्त खवळलं. स्वतःचा मास्क घट्ट करून ते आत गेले आणि बाकीच्या बायकांच्या देखत म्हणाले, "घरची आहेस म्हणून पावडर तुला सोडणार नाही. मास्क वर घे."

तिने मुकाट्याने घेतला. चष्म्याआड तिचे डोळे भरलेले दिसले. बोलणं लागलं असेल, असं मास्तरांना वाटलं. लागू दे, असंही वाटलं. सुनेला झुकतं माप दिलं, असं उद्या कुणी म्हणायला नको.

त्या कारखान्यात जंतांच्या गोळ्या होत, पोरं चघळून खातात त्या. गोळी होण्याआधी ते औषध म्हणजे मैद्यासारखी बारीक पांढरी पावडर. वास नाही, झोंबत नाही, त्यामुळे तिचा कुणाला धाक वाटत नाही. धाक घालायचं काम मास्तरांचं. वजनखोलीचा कारभार त्यांच्याकडे होता, आणि "झाकण लावा, झाकण लावा" असं ते दिवसभर इतकं कानीकपाळी ओरडत की माघारी सगळे त्यांना झाकणमास्तर म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

नवं माणूस आलं की त्यांचं भाषण ठरलेलं. पिशवी बांधताना आतली हवा दाबून काढायची नाही, सगळा भपकारा तोंडावर येतो. सांडलं तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचं. कोट इथेच उतरवायचा, अंघोळ इथेच करायची, केसांतूनसुद्धा पावडर घरी न्यायची नाही. मग कुणीतरी हमखास विचारायचं, लेकरांना देतात त्या औषधाला एवढं काय भ्यायचं? त्यावर मास्तर म्हणत, एक गोळी गिळणं वेगळं आणि रोज छातीत धूळ भरून घेणं वेगळं.

शेवटचं वाक्य मात्र ते भिंतीकडे बघून म्हणत. बायकांपैकी कुणाला दिवस गेले असतील, नुसती शंका असली तरी, त्याच दिवशी मला सांगायचं. काम जात नाही, पलीकडे खोक्यांच्या विभागात बसायचं. ही पावडर पोटातल्या बाळाला बाधू शकते, तीही पहिल्या महिन्यांतच जास्त. एवढं बोलून ते घाईघाईने हातमोजे दाखवायला घेत. बायकांसमोर असलं बोलायचं त्यांच्या जिवावर येई. सून कामाला लागली त्या दिवशी तर ते भिंतीशीच बोलत होते म्हणा ना.

काचेवरच्या त्या टकटकीनंतर थोड्याच दिवसांनी सून कामावर आली नाही. पोटात दुखतंय, असं बायकोने सकाळी तुटक सांगितलं. दुपारी गेटवर निरोप आला. मास्तर हात धुऊन, अंघोळ करून, कोट टोपलीत टाकून निघाले. एवढ्या घाईतही त्यांनी नियम मोडला नाही, आणि याची त्यांना पुढे लाज वाटत राहिली.

दवाखान्याच्या बाकावर बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगा ट्रक घेऊन लांब गेला होता, त्याला फोन लागत नव्हता.

"गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. तेवढ्यात त्यांना कळलं. ते बाकावर टेकले.

"तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला असणार? पहिलं आहे, तीन महिने भरेपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही, असं मीच सांगितलं तिला. माझ्याही वेळी आम्ही असंच केलं होतं."

"निदान मला सांगायचं."

"अहो, सासऱ्याला कसं सांगणार ती? म्हणत होती बिचारी, बाबा तिकडे सगळ्यांना सांगायला लावतात म्हणून. मीच म्हटलं, थोडेच दिवस राहिलेत, कळ काढ." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "तीनच महिने तर होते."

पोटातल्या बाळाला ही पावडर बाधायची ती त्याच महिन्यांत, हे मास्तर इतकी वर्षं भिंतीला सांगत आले होते.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. पहिल्या महिन्यांत असं पुष्कळ जणींना होतं, कारण सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी पावडरीचं सांगितलं. असेलही, नसेलही, त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच. त्यांना "हो" हवं होतं की "नाही", ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

घरात मग कुणी मोठ्याने रडलं नाही. मुलगा आला, दोन दिवस भिंतीला टेकून बसला आणि पुन्हा ट्रकवर गेला. बायको घासलेलीच भांडी घाशी. मास्तरांनी तिच्यावर चिडून पाहिलं, पण राग धरेना. स्वतःवर चिडून पाहिलं, तेही जमेना. जेवताना घास कोरडा लागे आणि ते पाणी पीत राहत. एवढी मोठी गोष्ट घडली आणि आपल्याला काहीच होत नाही, याचंच त्यांना वाईट वाटे.

एका संध्याकाळी सून पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी मास्क काढला होता ना मी," ती म्हणाली, "मला उलटी येत होती. मास्कमध्ये झाली असती तर सगळ्यांना कळलं असतं."

"हं," मास्तर म्हणाले.

ती थोडा वेळ थांबली. त्यांना खूप बोलायचं होतं. चुकलो, एवढं तरी म्हणायचं होतं. पण त्यांनी तांब्या उचलून तोंडाला लावला, आणि ती आत गेली.

महिन्याभराने ती परत वजनखोलीत उभी राहिली. खोक्यांकडे बस, असं मास्तरांनी सुचवून पाहिलं. तिकडच्या बायका चुकचुकतात, ती म्हणाली, इथे मास्कमुळे कुणी बोलत नाही. मास्तरांना ते पटलं. तेही हल्ली त्यासाठीच आत जास्त वेळ राहत.

पुढे नव्या बायकांची तुकडी आली. मास्तरांनी भाषण सुरू केलं. पिशवी, फडकं, कोट, अंघोळ. शेवटच्या वाक्यापाशी आले आणि सवयीने मान भिंतीकडे वळली. मग त्यांनी ती परत वळवली. काट्यापाशी सून पाठमोरी उभी होती.

"दिवस गेलेत अशी शंका आली तर मला सांगा, असं मी म्हणत आलो," ते म्हणाले. "ते राहू दे. घरात तीन महिने बोलू देत नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही दारात येऊन नुसतं डोकं दुखतंय म्हणा. मी का ते विचारणार नाही. कुणाला विचारू देणार नाही. त्या दिवसापासून तुमची बैठक खोक्यांत. खरंच डोकं दुखत असेल तरी चालेल."

एकीला हसू आलं. मास्तर हसले नाहीत. काट्यावरचा सुनेचा हात मधेच थांबला आणि पुन्हा चालू लागला.

कामचुकारांची सोय केलीत, असं वरचे साहेब म्हणाले. असू दे, मास्तर म्हणाले. दोघी-तिघींची डोकी खरंच फुकटची दुखली आणि खोक्यांत बसून बरी झाली. मास्तरांनी शब्द पाळला.

उन्हाळा सरत आला होता. एका सकाळी ते दारापाशी मास्कचे पट्टे तपासत होते. सगळ्या बायका आत गेल्या. मागे एक जण राहिली होती. तिने कोट चढवला नव्हता.

"मास्तर," सून म्हणाली. कारखान्यात तिने त्यांना कधी कशानेच हाक मारली नव्हती. ती भिंतीकडे बघत होती. "आज डोकं दुखतंय."

आदल्या रात्री घरात कुणी काही बोललं नव्हतं. बायकोने नेहमीसारखं वाढलं होतं. मास्तरांच्या छातीत काहीतरी हललं. भीती असावी.

"बरं," ते म्हणाले.

ती खोक्यांच्या दाराकडे गेली. दार तिच्यामागे लागेपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी खुंटीवरचा तिचा मास्क काढला, ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसला, स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसला आणि कपाटात ठेवला. स्वतःचा मास्क चढवून ते आत गेले आणि तिच्या काट्यापाशी उभे राहिले. पहिलं पिंप उघडलं.