हलगी कुणाच्या दारात

माझ्या हातच्या फायबरच्या टाक्या निम्म्या कोल्हापूरच्या माड्यांवर उभ्या हायत. एक सुदीक गळत न्हाय. तरी सात वर्षं उद्यमनगरात मला ‘भाकरीवाली’ म्हणायचे. नाव कुणी पाडलं? हंबीररावानं. तेच्या तोंडात किडं पडूदेत, असं मी रोज सकाळी देवाला दिवा लावताना म्हणायची. देवाला म्हायती हुतं, ही नीलम्मा दुसरं काय मागायची न्हाय.

तेचं असं झालं. शहाण्णव साली आमचे हे, रुद्रय्या, आणि हंबीरराव भागीदार हुते. हे इंजिनातलं माणूस, तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय. गिऱ्हाईक आणायचं काम हंबीररावाचं, बोलायला दहा जणांना भारी. आणि फायबरचं काम माझं. साच्यात काचेची मॅट पसरायची, वरनं रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवा काढायची, असा थरावर थर. गोव्याच्या एका शेठनं समुद्रात वाऱ्यागत पळणारी बोट बनवून मागितली. कोल्हापूरला समुद्र न्हाय म्हणून काय झालं? कुठं हुईत न्हाय ते हितं हुतंय, हे आमच्या डोस्क्यात भिनलेलं.

बुडाचं थर निम्मं झालं आणि तिकडं निपाणीला माझी अव्वा, म्हंजी आई, आजारी पडली. मी म्हायेरी गेलते. परत आले तवर बूड पुरं करून वरनं झाकून टाकलेलं. मालवणच्या समुद्रात चाचणीला पयल्याच मोठ्या लाटंवर बोट आपटली आणि बूड मधोमध फाटलं. कोळ्यांनी ह्यांना आणि शेठला वर काढलं, न्हायतर दोघंबी गेलतेच. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सगळ्यांच्या देखत हंबीरराव म्हणाला, "बायकांच्या हातचं काम! भाकरी थापल्यागत बूड थापलंय, फाटंल न्हायतर काय हुईल?"

समदी खदाखदा हसली. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, बायकूची बेअब्रू बघवंना म्हणून घातली.

माझी खात्री हुती, मी नसताना हंबीररावानं माल वाचवायला थर गाळलं. पण बूड समुद्राच्या तळाला गेल्यालं, दाखवणार काय? भागीदारी मोडली. मी टाक्यांवर आले. आणि त्याच गाड्यावर तेला सांगून आले, "हंबीरराव, एक दिवस माझी बोट त्याच पाण्यात पळंल. आणि तिची मिरवणूक तुमच्या दारात उभी करून हलगी वाजवीन." कुस्ती असू दे, न्हायतर इलेक्शन, आमच्याकडं जिंकल्याल्याची हलगी हरल्याल्याच्या दारात वाजती. मार खाल्लेला परवडला, पण ती हलगी न्हाय.

दोन हजार तीन साली माझ्या टाक्या घेणारा मालवणचा एक हॉटेलवाला म्हणाला, "वैनी, मला एक दणकट बोट द्या, पळाली मात्र पायजे." मी वाटच बघत हुते. बुडाचा एकूण एक थर माझ्या हातानं टाकला, दुसऱ्या कुणाला रोलरला हात लावू दिला न्हाय. हे मधनंच म्हणायचे, "बूड जड हुतंय गं. दोन थर कमी केलंस तर वेग यील."

"इंजिनं बसवा तुमी," मी म्हणायची. "बुडाकडं बघायचं न्हाय."

काळम्मावाडीच्या धरणात मी स्वतः ती चालवायला शिकले. मग दोन्ही अंगांनी हातभर अक्षरांत नाव रंगवलं, ‘भाकरी’. आणि गेले सरळ गाड्यावर.

"हंबीरराव, भाकरी तयार हाय. माझ्यासंगट बसायचा दम हाय का?"

तेला पवायला येत न्हाय, हे मला पक्कं ठावं हुतं. पण चहा पिणारी समदी तेच्या तोंडाकडं बघाय लागलेली. अशा वेळी आमच्यातला गडी मरंल, पण नको म्हणायचा न्हाय. "बसतो की!" म्हणाला, आणि कप खाली ठेवताना निम्मा चहा बशीत सांडला.

मालवणला फेटा बांधून आला, वर छाती काढून. मी चालवायला, बाजूला हंबीरराव, मागं इंजिनाजवळ हे. माझ्या मनगटाला लाल दोरी हुती. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटावी आणि इंजिनं बंद पडावीत, म्हणून असती ती. मी किनारा सोडला आणि दिलं सोडून. लाटंवर बोट वर उडाली, धाडकन आपटली, परत उडाली. बूड हूं का चूं करंना. काय सांगू, माझ्या जिवाला किती गार वाटलं! फेटा कवाच उडून गेलता. हंबीरराव दोन्ही हातांनी दांडी धरून डोळं मिटून बसलेला.

"सांगा आता!" मी बोंबलले. "थर कुणी गाळलं?"

तेनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. इंजिनांच्या आवाजात एक अक्षर ऐकू येईना. मी हिसका देऊन लाल दोरी काढली. इंजिनं बंद पडली. समुद्र एकदम गप झाला, आणि हंबीरराव त्याच टिपेला वरडत हुता, "...तुझ्या नवऱ्यानं! नवऱ्यानं गाळलं!"

मग आवाज खाली आला. "देवाशप्पत, वैनी. वेग येत न्हाय म्हणून रुद्रय्यानंच दोन थर गाळलं. बूड फाटल्यावर माझं पाय धरलं, ‘माझं नाव घिऊ नका’ म्हणाला. मग कुणाच्या तरी नावावर घालाय पायजेच की."

मी मागं वळले. ह्यांनी मान खाली घातलेली. गाड्यावर घातलेली तीच मान.

"व्हय का ओ?"

"तुला सांगणार हुतो," म्हणाले.

"कवा?"

सात वर्षं ह्याच हातानं ह्या माणसाला तव्यावरची गरम भाकरी वाढली, आणि तेनं खाली मान घालून ती खाल्ली. मी दोरी परत अडकवली आणि बोट किनाऱ्याला आणली. हॉटेलवाला खूश झाला. मिरवणुकीपुरती बोट कोल्हापूरला न्यायला तेनं हसत परवानगी दिली.

ट्रॉलीवर भाकरी, पुढं सयाजीदादाची हलगी, समद्यांच्या डोस्क्यावर गुलाल. हंबीररावाच्या दारात मिरवणूक थांबली. तो खाली बघत उंबऱ्यात उभा हुता. ‘भाकरी थापली’ म्हणणारं तोंड तेचंच हुतं, तवा थोडं वाजवायला लावलं. मग मी म्हटलं, "सयाजीदादा, चला म्होरं."

"आता आणि कुठं, वैनी?"

"माझ्या दारात."

सयाजीदादाचा हात तसाच थांबला. हरल्याल्याचं दार, हे कोल्हापुरात कुणाला इस्कटून सांगाय लागत न्हाय. हे ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या बाजूला बसले हुते, ते तोंड चुकवून खाली उतरले आणि घरात शिराय लागले. मी दाराला आडवी उभी राहिले.

"वाजवा!"

हलगी अशी कडाडली की वरच्या माडीवरची बायकामाणसं खिडकीत आली. हे भिताडाला टेकून उभे राहिले, अंगावर गुलाल पडत हुता. बऱ्याच वेळानं त्यांनी हात वर केला. सयाजीदादानं हलगी थांबवली.

"थर मी गाळलं," हे पुटपुटले. "तिच्या हाताचा दोष नव्हता."

गर्दीतनं मागनं कुणीतरी वरडलं, "काय म्हणाला? ऐकू न्हाय आलं!"

मी सयाजीदादाकडं बघितलं.

"वाजवा परत."