नाकात उगवलेलं रान

जुना सोफा उसवला की त्याच्या पोटातून काय काय निघतं, ते ज्यानं पाहिलं नाही तो सुखी. केसांचे गुंते, झुरळांची कवचं, कुणा बाळानं ओकलेल्या दुधाचा वाळका पापुद्रा. आणि ओल लागली असेल तर बुरशी. काळी, हिरवी, मांजराच्या पिलासारखी मऊ. बोट लावलं की धूर उडावा तशी उडते.

गल्लीतला गादीवाला हे सगळं नाकानं ओळखायचा. मूठभर कापूस उपसायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटून खोल ओढायचा आणि सांगायचा, "वरचा थर चांगला आहे, पिंजून घेऊ. खालचा कुजलाय, उपसायला हवा." कुजक्याचा वास लागला की त्याचं तोंड असं वाकडं व्हायचं, की गिऱ्हाईक दुसरं काही विचारायचंच नाही. लोक त्याला पारखी म्हणायचे. बायको शेजारी मशिनवर खोळी शिवायची आणि गुणगुणायची,

सुई चालली पुढं, दोरा तिच्या पाठी,
उसवलं ते सांधते मी सोबत्याच्यासाठी.

मग पारख्याची मूत्रपिंडं निकामी झाली. थोरल्या बहिणीनं आपलं एक दिलं. शरीरानं ते परकं म्हणून झिडकारू नये, यासाठी गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, "या गोळ्यांनी तुमच्या अंगातला पहारेकरी पेंगत राहणार. धूळ, ओल, कुजकं, यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

पारखी मास्क लावून कामाला बसला. पण कापूस पारखायची वेळ आली की मास्क हनुवटीखाली. "झाकल्या नाकाला काय कळतं?" एवढंच म्हणायचा. आणि ओढायचा खोल, नेहमीसारखाच.

आधी सर्दी झाली. मग एक गाल सुजला. नाकातून काळपट, चिकट असं काही येऊ लागलं. बायको त्याचे रुमाल चिमटीत धरून, श्वास कोंडून धुवायची. पाण्यावर काळे तुकडे तरंगायचे. आणि मग वास सुटला. कपाटामागं मेलेल्या उंदराचा गोडसर वास, त्यात शिळ्या पावाची ओल. तो उशीला लागला, टॉवेलला लागला, चहाच्या कपाच्या काठाला लागला. फक्त पारख्याच्या चोंदलेल्या नाकाला तो कळत नव्हता. त्यानं हसून तिच्याकडं तोंड केलं की तिच्या घशाशी यायचं. ती तोंडानं श्वास घ्यायची आणि हसायची.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या तोंडात उजेड धरला. टाळूला काळी खपली, पातेल्याला करपून बसलेल्या दुधासारखी. तपासणी झाली, सलाईन लागलं, आणि डॉक्टर खाटेशी येऊन बसले.

"बुरशी आहे. पावावर येते, तिच्याच जातकुळीतली. रक्ताच्या नळ्यांत शिरते, मांस मारते आणि मेलेल्यावरून पुढं चालते. डोळ्यात गेली तर डोळा जाईल, मेंदूत गेली तर माणूस. औषध देतोच आहे, पण मेलेलं कापून काढावं लागेल. टाळूचा अर्धा भाग, नाकातलं बरंचसं. थांबायला वेळ नाही."

डॉक्टर गेल्यावर पारखी उठून बसला. "मी नाही कापून घेणार. खपली आहे, पडेल. नाक दिल्यावर मी खायचं काय?"

"किडनी दिली, अक्कल द्यायची राहिली," बहीण म्हणाली. ती खिडकीला पाठ लावून उभी होती. "आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाहीस. आता नाकात रान उगवलंय, ते बरं चालतंय."

"ताई, इतकं कुजलं असतं तर मला वास आला नसता? मला?" तो बायकोकडं वळला. "ही खोटं नाही बोलायची. तू सांग. येतोय वास?"

इतके दिवस ती म्हणत आली होती, नाही हो, कसला वास. आताही ते शब्द जिभेवर आले. त्याचा सुजका डोळा तिच्यावर लागून राहिला होता.

ती खाटेवर वाकली. "आ करा," म्हणाली. त्यानं तोंड उघडलं. तिनं आपलं तोंड मिटलं, नाक त्याच्या ओठांशी नेलं आणि डोळे मिटून खोल ओढलं, तो कापूस ओढायचा तसं.

वास मेंदूपर्यंत गेला. तिचं तोंड वाकडं झालं, आणि खाटेखालचं भांडं ओढून ती त्यात ओकली. पुन्हा ओकली. बहिणीनं धावत येऊन तिची पाठ धरली.

पारखी बघत राहिला. त्या वाकड्या तोंडापुढं त्यानं कुणाला कधी वाद घालू दिला नव्हता.

"वरचा थर चांगला आहे," डोळे पुसत ती म्हणाली. "खालचा कुजलाय, अहो. उपसायला हवा."

त्यानं जिभेनं टाळूची खपली चाचपली.

"ताई, डॉक्टरांना बोलाव," तो म्हणाला. "म्हणावं, उपसा."

मग त्यानं आपला टॉवेल बायकोपुढं केला, तोंड पुसायला. तिनं त्या टॉवेलकडं पाहिलं.

"शी," ती म्हणाली. "तो नको." आणि आपल्या बाहीला तोंड पुसून तिनं दोन्ही हातांत त्याचा हात घेतला.