पोचा

डॉक्टरबाईंनी दूध काढायच्या पंपाची वाटी आधी स्वतःच्या दंडावर लावली, पंपाची मूठ दाबली, कातडी वर ओढली गेलेली पाहिली आणि मान डोलावली.

"कवटीचं हाड कोवळं आहे, तुटून वेगळं झालेलं नाही, नुसतं आत दबलंय. मेंदूला धक्का नाही. तीनदा ओढून बघू. नाही आलं वर, तर दुपारी ऑपरेशन."

बाळाचा बाप भिंतीला चिकटून उभा होता. गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. काम झालं की डोळे मिटून पत्र्यावरून एकदाच तळहात फिरवायचा. दुसऱ्यांदा फिरवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पण दोन दिवसांच्या लेकीच्या डोक्याला कानाच्या वर पडलेला खळगा पाहिल्यापासून त्यानं तिला हात लावला नव्हता. आपल्या राकट हातांनी आणखी काही बिघडेल, अशी धास्तीच त्यानं घेतली होती.

"अहो, तुमचंच काम आहे की हे," खाटेवरून बायकोनं चिमटा काढला. "लांब काय उभे राहिलात?"

पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला वाटी सुटली आणि बाळानं भोकाड पसरलं.

"बाई," त्याला राहवलं नाही, "झटका नको. ताण धरून ठेवा. पत्रा आपला आपण वर येतो."

नर्स फिसकन हसली. तो ओशाळला.

"मीही तेच करणार होते," बाई म्हणाल्या, "पण पत्रा म्हणू नका हो तिला."

तिसऱ्या खेपेला त्यांनी मूठ हळूहळू दाबत नेली आणि तशीच धरून ठेवली. मग बाईंनी वाटी काढली, बोटांनी चाचपलं.

"आलं वर. ऑपरेशन रद्द."

बायकोला हुंदका आवरेना. तो मात्र डोळे बारीक करून बघत होता. वाटीचा लाल वळ उठला होता, कातडी सुजली होती.

"मला दिसत नाहीये नीट."

"तुम्ही गाडी बघता का डोळ्यांनी?" बायकोनं हुंदक्यातूनच विचारलं.

त्यानं कोपरापर्यंत दोनदा हात धुतले, डोळे मिटले आणि कानापासून वर अलगद तळहात नेला. खळगा नव्हता.

"झालं ना? द्या इकडे," बायको म्हणाली. "भूक लागलीय तिला."

"थांब," मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला. "अजून एकदा बघतो."